अर्ध्या इंचाचं अंतर

२० ऑक्टोबर १९९१. रविवार सकाळ. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराच्या पूर्वेला टेकड्या आहेत. त्या टेकड्यांवर, निलगिरीच्या आणि पाइनच्या झाडीत, हजारो टुमदार घरं. आदल्या दिवशी, शनिवारी, तिथं गवताला एक लहानशी आग लागली होती आणि अग्निशमन दलानं ती विझवली होती. निदान विझली असं वाटलं होतं. रविवारी सकाळी जवान उरलेली धग शांत करायला पुन्हा तिथं होतेच. तेवढ्यात डोंगरापलीकडून कोरडा, गरम वारा सुटला. राखेखाली दडलेला निखारा उडाला, आणि पाहता पाहता टेकडी पेटली. पहिल्या तासाभरात सुमारे ७९० इमारती गेल्या. दिवस मावळेपर्यंत तीन हजारांच्या आसपास घरं जळाली आणि २५ माणसं मृत्युमुखी पडली.

मदतीला आसपासच्या गावांतून, लांबलांबच्या शहरांतून बंब धावून आले. माणसं होती, गाड्या होत्या, होजपाइप होते. पण ओकलंडच्या रस्त्यांवरचे पाणी घेण्याचे हायड्रंट तीन इंची तोंडाचे होते आणि बाहेरून आलेल्या बंबांचे पाइप अडीच इंची कपलिंगचे. दोन्ही जोडणारा अडॅप्टर असला तरच पाणी मिळणार, आणि अडॅप्टर सगळ्यांना पुरतील एवढे नव्हते. शिवाय वीज गेल्यामुळे पंप बंद पडले, टेकडीवरच्या टाक्या आटल्या, रेडिओवर सगळे एकदम बोलू लागले. नुसत्या कपलिंगमुळे ओकलंड जळालं असं कुणी म्हणणार नाही. पण ते अर्ध्या इंचाचं अंतर लोकांच्या मनात घर करून राहिलं. शेजारीशेजारी राहणाऱ्या, वर्षानुवर्षं एकमेकांना ओळखणाऱ्या खात्यांनी साधं एवढंही ठरवलेलं नव्हतं!

आज आपण बोलणार आहोत ते या अर्ध्या इंचाबद्दल. वणवा काही हद्द पाहून पेटत नाही. सरकारी खाती मात्र हद्दीवरच जगतात. जंगल एका खात्याचं, रस्ता दुसऱ्याचं, गाव तिसऱ्याचं आणि घर ज्याचं त्याचं. मग जंगल आणि वस्ती जिथं एकमेकांना भिडतात, तिथली आग कुणाची? अमेरिकेला हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षं छळतो आहे. त्याचं उत्तर शोधताना त्यांनी जे केलं, जे चुकलं आणि जे थोडंफार साधलं, ती गोष्ट आपणही ऐकण्यासारखी आहे.

गोष्टीची सुरुवात मात्र सरकारच्याही आधीची आहे. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडे करुक, युरोक अशा आदिवासी जमाती शेकडो वर्षं मुद्दाम, बेताबेतानं रान जाळत आल्या होत्या. पाचोळा साठू नये, ओकच्या झाडांना फळ चांगलं धरावं, टोपल्या विणायला हेझलच्या सरळ काड्या मिळाव्यात म्हणून. थंडाव्यात लावलेल्या लहान आगी मोठ्या आगीला खाद्य उरू देत नव्हत्या. १८५० मध्ये कॅलिफोर्निया राज्य झालं आणि त्याच वर्षीच्या एका कायद्यानं आदिवासींनी रान पेटवणं हा गुन्हा ठरला. ज्यांना आगीची भाषा येत होती त्यांचं तोंड पहिल्यांदा बंद झालं.

पुढे १९०५ मध्ये केंद्र सरकारची फॉरेस्ट सर्व्हिस स्थापन झाली. गिफर्ड पिंचो हे तिचे पहिले प्रमुख. हे खातं जेमतेम पाच वर्षांचं असताना १९१० चा ऑगस्ट उजाडला. त्या २० आणि २१ तारखेला आयडाहो, मोंटाना आणि वॉशिंग्टन या राज्यांत पेटलेले शेकडो लहान वणवे वादळी वाऱ्यानं एकत्र आले आणि सुमारे ३० लाख एकर जंगल दोन दिवसांत खाक झालं. निदान ८५ माणसं गेली. त्यातली बहुतेक आग विझवायला गेलेली होती. वॉलेस नावाच्या खाणकामगारांच्या गावाचा तिसरा हिस्सा जळाला. त्याच गावाजवळ एड पुलास्की या वनरक्षकानं आपल्या पंचेचाळीसेक माणसांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात नेलं. धुरानं गुदमरून घाबरलेली माणसं बाहेर पळू लागली तेव्हा पिस्तूल रोखून त्यांना आत थांबवलं. बहुतेकजण वाचले. एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ असलेलं, त्यांच्या नावानं ओळखलं जाणारं हत्यार अमेरिकेतले वणवा विझवणारे आजही खांद्यावर टाकतात.

या आगीनंतर लगेच, मार्च १९११ मध्ये, अमेरिकी काँग्रेसनं वीक्स कायदा मंजूर केला. त्याचा मुख्य उद्देश नद्यांच्या उगमाकडची जंगलं विकत घेऊन राखणं हा होता. पण त्यात एक लहानसं कलम होतं, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनं तेच मोलाचं. जे राज्य वणवा रोखायला स्वतःची यंत्रणा उभारेल आणि स्वतःचा पैसा घालेल, त्याला केंद्र सरकारही पैसा देईल. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. तेव्हा मात्र केंद्र आणि राज्य यांनी एकाच आगीसाठी एका ताटात जेवायला बसणं ही नवलाची गोष्ट होती. सहकार्याचा पाया इथं घातला गेला.

पाया चांगला होता, पण त्यावर जी इमारत चढली ती वाकडी. १९१० च्या धास्तीनं फॉरेस्ट सर्व्हिसनं एकच मंत्र धरला: आग दिसली की विझवायची. फर्डिनांड सिल्कॉक्स हे १९१० च्या वणव्याच्या वेळी त्याच भागात तरुण अधिकारी होते. तेच पुढे खात्याचे प्रमुख झाले. १९३५ मध्ये खात्यानं नियम केला की, कोणतीही आग कळल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. १९४४ मध्ये टोपी घातलेलं स्मोकी अस्वल जाहिरातींत आलं आणि वणवा फक्त तुम्हीच थांबवू शकता असं मुलाबाळांना शिकवू लागलं. मोहीम तर यशस्वी झाली. पण जंगलात पाचोळा, वाळकं लाकूड, दाट कोवळी झाडी साठत राहिली. रोजची आग विझवत विझवत आपण उद्याच्या मोठ्या आगीची बेगमी करतो आहोत, हे खात्याला उमगायला बराच काळ गेला. दहा वाजताचा तो नियम १९७८ मध्ये सोडण्यात आला.

याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारी वाढल्या, महामार्ग झाले आणि माणसं शहराबाहेर, झाडीत, डोंगरउतारावर घरं बांधू लागली. पूर्वी वणवा जंगलात असायचा आणि आग गावात. आता दोघांची गाठ पडली. नोव्हेंबर १९६१ मध्ये लॉस एंजलिसच्या बेल एअर या श्रीमंत वस्तीत ४८४ घरं जळाली. बऱ्याच घरांची छपरं लाकडी फळकुटांची होती. पेटलेली फळकुटं वाऱ्यावर उडून पुढच्या छपरावर पडत आणि आग रस्ते ओलांडत जाई. खरं तर हा धडा १९२३ मध्येच मिळाला होता. ओकलंडला लागून असलेल्या बर्कलीत तेव्हा सहाशेच्या आसपास इमारती अशाच जळाल्या होत्या. नगरपालिकेनं लाकडी छपरांवर बंदीचा ठरावही केला आणि थोड्याच दिवसांत, दबावाखाली, तो मागेही घेतला. आग विसरायला माणसाला फार दिवस लागत नाहीत.

मग आला १९७० चा पानझडीचा हंगाम. दक्षिण कॅलिफोर्नियात तेरा दिवसांत पाच लाख एकरांहून अधिक रान पेटलं, सातशेवर इमारती गेल्या, १६ माणसं दगावली. बंब कमी नव्हते. गोंधळ फार होता. उत्तरेकडचे बंब दक्षिणेच्या आगीकडे निघालेले आणि दक्षिणेकडचे उत्तरेच्या आगीकडे, आणि महामार्गावर ते एकमेकांना ओलांडून जाताहेत, असा किस्सा तिथले जुने लोक सांगत. प्रत्येक दलाचा रेडिओ वेगळा, हुद्दे वेगळे, एवढंच काय, शब्दही वेगळे. एकाच्या भाषेत टँकर म्हणजे पाण्याची गाडी, तर दुसऱ्याच्या भाषेत टँकर म्हणजे आगीवर औषध फवारणारं विमान. टँकर पाठवा, म्हटलं की काय येईल याचा नेम नव्हता.

यावर काँग्रेसनं पैसा मंजूर केला आणि फॉरेस्ट सर्व्हिस, कॅलिफोर्निया राज्याचं वनखातं, राज्याचं आपत्कालीन कार्यालय, लॉस एंजलिस, व्हेंचुरा आणि सांता बार्बरा या काउंट्या आणि लॉस एंजलिस शहर असे सातजण एका टेबलाशी बसले. फायरस्कोप हे त्या प्रकल्पाचं नाव. त्यातून जी पद्धत निघाली तिला इन्सिडेंट कमांड सिस्टिम म्हणतात. तिचे नियम ऐकायला अगदी साधे आहेत. सगळ्यांनी एकाच अर्थाचे शब्द वापरायचे. प्रत्येक माणसाला एकच साहेब. एका साहेबाच्या हाताखाली साधारण पाच माणसं, तीनपेक्षा कमी नाहीत आणि सातपेक्षा जास्त नाहीत. आणि आग दोन-तीन हद्दींत असेल तर त्या सगळ्यांच्या प्रमुखांनी एकत्र बसून एकच बेत आखायचा. कुणाचा हुद्दा मोठा हा वाद आग विझल्यावर.

या पद्धतीचा प्रवास थेट आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत आला आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जुलै २०१० मध्ये इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टिमची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, ती याच पद्धतीला भारतीय प्रशासनाच्या मापानं बेतून. त्यानुसार जिल्ह्यातल्या आपत्तीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. पूर असो, दरड असो वा भूकंप, कुणी कुणाचं ऐकायचं हे आधी ठरवलेलं असावं, हा विचार कॅलिफोर्नियातल्या वणव्यांच्या धुरातून इथवर आलेला आहे.

आता पुन्हा ओकलंडकडे येऊ. मनात येईल की १९७० नंतर एवढी चांगली पद्धत बनली होती, तर १९९१ मध्ये तो गोंधळ का झाला? कारण पद्धत होती, सक्ती नव्हती. वणव्याशी रोज झुंजणाऱ्या दलांनी ती उचलली, अनेक शहरांनी उचलली नव्हती. ओकलंडनंतर राज्यानं कायदा केला आणि आपत्तीत सगळ्यांनी एकच पद्धत वापरायची असं ठरलं. जो वापरणार नाही त्याला खर्चाची भरपाई मिळताना अडचण. पैशाची गाठ बसली तसं सहकार्य वाढलं. माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच!

म्हणजे आग लागल्यावर एकत्र कसं यायचं हे जमू लागलं. पण आग लागण्याआधी? तहान लागल्यावर विहीर खणू नये हे आपली आजीही सांगत असे. खरी गोम तिथंच होती.

जॅक कोहेन हे मोंटाना राज्यातल्या मिसूला इथल्या फॉरेस्ट सर्व्हिसच्या प्रयोगशाळेतले संशोधक. घर नेमकं पेटतं कसं, हा त्यांचा ध्यास. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या उत्तरेकडच्या जंगलात मुद्दाम वणवे लावून प्रयोग झाले. त्या आगीसमोर लाकडी भिंती उभ्या केल्या. ज्वाळांपासून दहा मीटरवरच्या काही भिंती पेटल्या. तीस मीटरवरच्या पेटल्या नाहीत. मग जंगलापासून दूर असलेली घरं का जळतात? कोहेन यांनी जळालेल्या वस्त्या पायी फिरून पाहिल्या. घरं राख झालेली आणि शेजारचं झाड हिरवं, असं दृश्य त्यांना वारंवार दिसलं. म्हणजे ज्वाळांची भिंत येऊन घर गिळत नव्हती. वाऱ्यावर उडून आलेली ठिणगी पन्हळीतल्या पाचोळ्यात पडत होती, वळचणीच्या फटीतून माळ्यावर जात होती, भिंतीला टेकून रचलेल्या लाकडांत धुमसत होती. आणि एक घर पेटलं की त्याच्या धगीनं शेजारचं. घर आणि त्याच्या भोवतीची पन्नास-शंभर फूट जागा, एवढ्यातच बहुतेक निकाल लागतो.

हे कळल्यावर प्रश्न सोपा झाला असं वाटेल. झाला उलटा. कारण ती शंभर फूट जागा ना फॉरेस्ट सर्व्हिसची, ना राज्याची. ती घरमालकाची. आणि पुष्कळदा निम्मी शेजाऱ्याची.

मे २००० मध्ये न्यू मेक्सिकोत नॅशनल पार्क सर्व्हिसनं पाचोळा कमी करण्यासाठी मुद्दाम लावलेली आग हाताबाहेर गेली आणि लॉस आलामोस गावातली चारशेवर कुटुंबं बेघर झाली. इलाजानंच इजा केली. त्याच वर्षी देशभर ७० लाख एकरांहून अधिक रान जळालं. त्यानंतर नॅशनल फायर प्लॅन आला, आणि डिसेंबर २००३ मध्ये जंगलांच्या आरोग्याविषयी एक कायदा झाला. जंगलाशेजारच्या गावानं आपला वणवा संरक्षण आराखडा स्वतः बनवावा, अशी सोय त्या कायद्यात होती. कुठली झाडी विरळ करायची, कुठला रस्ता मोकळा ठेवायचा, हे गाव ठरवील. त्यावर तीन सह्या हव्यात: स्थानिक सरकारची, स्थानिक अग्निशमन दलाची आणि राज्याच्या वनखात्याची. केंद्राच्या खात्यांशी सल्लामसलत करायची. असा आराखडा असलेल्या गावाला कामात आणि निधीत प्राधान्य. या कायद्यावर पर्यावरणवाद्यांनी टीकाही केली, की झाडी विरळ करण्याच्या नावाखाली लाकूडतोड्या कंपन्यांचं फावेल. पण हद्दीच्या दोन्ही बाजूंची माणसं एका कागदावर सही करू लागली, हे खरं. पुढे काँग्रेसनं २००९ च्या कायद्यानं मागितलेलं राष्ट्रीय धोरण २०१४ पर्यंत पूर्ण झालं. जंगल निरोगी, वस्ती आगीला तयार आणि विझवणारे सुरक्षित, अशी त्याची तीन उद्दिष्टं.

कागद झाले, पण पैसा? १९९५ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसच्या अंदाजपत्रकातला १६ टक्के पैसा आगीवर जात होता. २०१५ मध्ये तो निम्म्याच्या वर गेला. आग विझवायला पैसे कमी पडले की पाचोळा काढायचे पैसे तिकडे वळवायचे. पाचोळा राहिला की पुढची आग आणखी मोठी. या चक्रातून बाहेर पडायला २०१८ मध्ये मोठ्या आगींसाठी वेगळा निधी ठेवण्याचा कायदा करावा लागला.

आणि त्याच २०१८ च्या ८ नोव्हेंबरला पॅरडाइज जळालं. उत्तर कॅलिफोर्नियातलं, डोंगराच्या सोंडेवर वसलेलं सव्वीसेक हजार वस्तीचं गाव. हे गाव गाफील नव्हतं, हे लक्षात घ्या. २००८ च्या आगीत रस्ते तुंबले होते, म्हणून त्यांनी गावाचे विभाग पाडले, कोणता विभाग कधी बाहेर काढायचा हे ठरवलं, मुख्य रस्ता एकेरी करण्याची रंगीत तालीमही २०१६ मध्ये केली. पण आराखडा एकेक विभाग पाळीपाळीनं काढण्याचा होता. त्या दिवशी सकाळी साडेसहाला लागलेल्या आगीच्या ठिणग्या आठच्या सुमारास गावभर पडत होत्या. सगळं गाव एकदम निघालं. पुष्कळांना धोक्याचा संदेश पोचलाच नाही. बाहेर जायचा तोच मुख्य रस्ता काही वर्षांपूर्वी वाहतुकीच्या सुरक्षेसाठी गावाच्या मध्यभागी अरुंद केलेला होता. रस्त्याचा विचार करणाऱ्यांनी आगीचा विचार केला नव्हता. ८५ माणसं गेली, १८ हजारांहून अधिक इमारती जळाल्या. आग लागली ती वीजवाहिनीच्या जुन्या, झिजलेल्या हुकामुळे. वीज कंपनीनं २०२० मध्ये ८४ जणांच्या सदोष मनुष्यवधाचा गुन्हा न्यायालयात कबूल केला.

तरी त्या राखेत एक आशेची खूण सापडली. कॅलिफोर्नियानं २००८ पासून अशा भागातल्या नव्या घरांना न पेटणारं छप्पर, ठिणगी आत न शिरू देणारे झरोके वगैरे सक्तीचे केले होते. एका वृत्तपत्रानं नंतर हिशेब मांडला. २००८ नंतर बांधलेल्या सुमारे ३५० घरांपैकी ५१ टक्के घरं शाबूत होती. त्याआधीच्या बारा हजारांवर घरांपैकी फक्त १८ टक्के. नियम पाळला तर उपयोग होतो, याचा एवढा सरळ पुरावा क्वचित मिळतो.

पण जुन्या घरांचं काय? २०२० मध्ये राज्यानं कायदा केला की, धोक्याच्या भागात घराभोवतीच्या पहिल्या पाच फुटांत पेटणारं काही ठेवायचं नाही. भिंतीलगतची झुडपं, लाकडी कुंपण यांवर गदा आली, लोक नाराज झाले आणि नियम भिजत पडले. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजलिसच्या पॅलिसेड्स आणि अल्टाडेना भागांत आगी लागल्या, तोवर ते तयार झालेले नव्हते. त्या आगींत सोळा हजारांवर इमारती गेल्या आणि किमान तीस माणसं. पश्चिम अल्टाडेनात घरं सोडण्याचा आदेश आग लागल्यानंतर तब्बल नऊ तासांनी गेला. अल्टाडेनातले बहुतेक मृत्यू तिथंच झाले. जिथं संयुक्त आदेशाची पद्धत जन्मली, त्याच लॉस एंजलिस काउंटीत!

मग शंभर वर्षांच्या या खटाटोपातून हाती काय आलं? मला वाटतं, बरंच आलं. आज बाहेरगावचा बंब आला तर त्याचा पाइप बसतो. टँकर म्हटलं की विमान की गाडी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आणि ज्या करुक, युरोक लोकांना आग लावल्याबद्दल गुन्हेगार ठरवलं होतं, त्यांच्यासोबत आता सरकारी खात्यांची माणसं थंडाव्यात रान जाळायला उभी राहतात. ओकलंडचा अर्धा इंच भरून निघाला. उरलं आहे ते पाच फुटांचं अंतर: भिंतीपासून कुंपणापर्यंतचं, माझ्या अंगणापासून शेजाऱ्याच्या अंगणापर्यंतचं. तिथं कुठल्याही खात्याचा बंब वेळेवर पोचत नाही. तिथं पोचतो तो घरातल्या माणसाचा खराटा.

आपल्या सह्याद्रीतही होळीच्या सुमारास डोंगर पेटतात. वनखातं जाळरेषा काढतं, गावकरी हिरव्या डहाळ्या घेऊन धावतात. जाळरेषा कुठून कुठवर जाते आणि तिच्या अलीकडचं गवत कुणी कापायचं, हे गावानं आणि खात्यानं माघातच एकत्र बसून ठरवलं, तर चैत्रात धावावं लागणार नाही. जंगल आणि गाव यांच्यामधली हद्द नकाशावर असते. ठिणगीला नकाशा वाचता येत नाही.